नराचं काय करायचं?

लखनौच्या अमीनाबादेत दिवे लागले की रिक्षावाला कोपऱ्यावरच उतरवून देतो. पुढची वाट गर्दीच दाखवते. चिकनकारीचे कुर्ते, गडबडझाला बाजारातल्या बांगड्या, प्रकाशची कुल्फी हे सगळं मागे टाकलं की तुपाचा आणि धुराचा वास येतो, आणि टुंडे कबाबीचं दुकान दिसतं. परातीएवढा सपाट तवा, त्याच्या कडेला सारून ठेवलेले भाजलेले कबाब, मध्ये तडतडणारे कच्चे. कारागीर ओल्या हाताने वाटलेल्या मांसाची गोळी घेतो, अंगठ्याने चेपतो आणि तव्यावर सोडतो. तयार कबाब इतका मऊ असतो की पराठ्याच्या तुकड्याने उचलायला जावं तर मोडतो. दात पडलेल्या नवाबासाठी हा पदार्थ निघाला अशी दंतकथा लखनौत कोणीही ऐकवतो.

दंतकथा राहू द्या. मऊपणाचं खरं कारण कच्ची पपई, पुनःपुन्हा वाटणं आणि सढळ चरबी हे आहे. इतकं केल्यावर मांस कोवळ्या जनावराचं होतं की बारा वेतं झालेल्या म्हशीचं, हे जिभेला कळत नाही. रात्रभर मंद आचेवर शिजणारी निहारीही त्याच कुळातली. ज्या मुलखात खास मांसासाठी मोठं जनावर कोणी वाढवत नाही, तिथल्या आचाऱ्याला हे सगळं शिकावंच लागतं. टेक्सासमधला माणूस मांसाचा जाड काप मीठ-मिरी लावून नुसता निखाऱ्यावर टाकतो, कारण त्याचं निम्मं काम गोठ्यातच झालेलं असतं. हा लेख त्या गोठ्यातल्या कामाबद्दल आहे.

टुंडेंचं मूळ दुकान अमीनाबादेतलं नव्हे, चौक भागातलं. हाजी मुराद अली यांनी १९०५ साली सुरू केलेलं. तिथला कबाब ‘बडे का’, म्हणजे म्हशीच्या मांसाचा. उत्तर प्रदेशात गोवंशहत्येला बंदी आहे. कायदा १९५५चा, आणि २०२०मध्ये शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवलेली. म्हैस मात्र त्या कायद्याबाहेर आहे. २०१७च्या मार्चमध्ये राज्यात नवं सरकार आलं, विनापरवाना कत्तलखान्यांना टाळी लागली आणि चौकातल्या या दुकानाला म्हशीचं मांस मिळेना. शंभरी ओलांडलेल्या दुकानाने काही काळ कोंबडी आणि मटणाचे कबाब विकले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी चवीने छापली. त्या मांसामागची म्हैस आली कुठून, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

ती आली दुधाच्या गोठ्यातून. २०१९च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ३ कोटी ३० लाख एकट्या उत्तर प्रदेशात. पश्चिमेकडे हरियाणाला लागून मुऱ्हा, आग्रा-इटाव्याच्या बाजूला तांबूस रंगाची, लोण्यासाठी नावाजलेली भदावरी. या म्हशींची निवड होते ती कासेवर. वळू निवडायचा तोही आईच्या दुधाची नोंद बघून. हिसारला १९८५पासून म्हैस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या वंशसुधारणेचा कणाही दूधच. मांस हे या धंद्याचं उरलंसुरलं: आटलेली म्हैस, न फळणारी म्हैस, आणि नर.

आणि तरीही भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगात पुढच्या रांगेत आहे. २०१४-१५ साली सुमारे पावणेपंधरा लाख टन मांस बाहेर गेलं. हाडं काढलेलं, गोठवलेलं, बहुतेक आग्नेय आशियात आणि आखातात. अलीगढ, मेरठ आणि लखनौजवळचं उन्नाव ही त्या धंद्याची मोठी ठाणी. मुंबईची अलाना कंपनी तर १८६५पासूनची. इतका मोठा व्यापार, आणि त्याच्या मुळाशी मांसासाठी घडवलेली एकही जात नाही!

आता रेडकाकडे बघू. म्हैस व्याली आणि पारडी झाली तर घरात आनंद; रेडकू झालं तर चेहरे उतरतात. त्याला पाजलेलं दूध म्हणजे डेअरीला न गेलेलं दूध. उघडपणे कोणी मारत नाही. फक्त पाजत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत ते जंतांनी आणि हगवणीने जातं. मग म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून, चार काटक्यांचे पाय करून ते म्हशीपुढे ठेवतात. ती त्याला चाटते आणि दूध देते. हे मी पाहिलं आहे, आणि त्या गोठ्याचा धनी वाईट माणूस नव्हता. हिशेब करणारा माणूस होता. तेच रेडकू दीड-दोन वर्षं नीट खाऊ घातलं असतं तर बाजारात चांगली किंमत मिळाली असती, हेही त्याला ठाऊक होतं. पण दीड वर्षाची वैरण कोण घालणार?

सरकारलाही हे सुचलं होतं. अकराव्या पंचवार्षिक योजनेत नर रेडकं वाचवून वाढवण्यासाठी केंद्राची एक योजना होती. अशा योजनांचं जे होतं तेच तिचं झालं. दूध विकणाऱ्याला आणि मांस विकणाऱ्याला एकमेकांशी बांधणारी संस्था मध्ये नव्हती. दोघांमध्ये होता तो फक्त दलाल.

गाईच्या खोंडाची गत तर आणखी विचित्र. म्हशीच्या रेडकाला निदान गिऱ्हाईक आहे. अवधच्या खेड्यांत आता शेतकरी रात्र-रात्र शेतावर जागतात ते सोडून दिलेल्या गुरांना हाकलण्यासाठी. ‘छुट्टा’ जनावरं हा २०२२च्या विधानसभा निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा झाला होता. असं जनावर सांभाळणाऱ्याला राज्य सरकार दिवसाला ३० रुपये देत होतं. २०२३मध्ये त्याचे ५० झाले. पन्नास रुपयांत मोठ्या बैलाची वैरण येत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला बोटं न मोजता सांगता येईल.

आपल्याकडे हसण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये ती बंदी उचलून धरली. बंदी बरोबर की चूक यावर भरपूर वाद झाला आहे, मला त्यात भर घालायची नाही. पण त्या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीने विसरल्या. नराला काम नाही, आणि कामाशिवाय किंमत नाही, ही अवस्था कायद्याच्या कितीतरी आधी आलेली होती. तिचा उगम शोधायचा तर कृष्णाकाठी यावं लागतं.

सांगली-मिरजेपासून बेळगाव-विजापूरपर्यंतची काळी जमीन. पावसाळ्यात बैलाचा पाय घोट्यापर्यंत रुतेल अशी. इथल्या चपळ, हलक्या बैलांना तिथे नांगर ओढवेना. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी आणि मोठ्या जमीनदारांनी (सांगलीकरांचं नाव यात नेहमी घेतलं जातं) काठेवाडचे गीर, आंध्रातले ओंगोल, गुजरातचे कांक्रेज आणि स्थानिक म्हैसूर वळणाची जनावरं यांचा संकर केला. त्यातून निघाली ती ‘कृष्णा व्हॅली’ गुरं. करडी-पांढरी, रुंद छातीची, फुगीर कपाळाची, आखूड शिंगांची. चालीला संथ, ओढायला भक्कम. ‘देशी’ म्हणून आज जिला आपण पवित्र मानतो ती जात मुळात एक धाडसी संकर होती, हे इथे सांगून ठेवायला हवं. शुद्ध रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी हा इतिहास जरा निवांत वाचावा.

ही जात नरासाठी घडवली होती. गाईचं दूध दुय्यम. पैसा होता खोंडात. पुढे नदीवर उपसा योजना आल्या, ऊस आला, उसामागून ट्रॅक्टर आला, आणि ज्या कामासाठी बैल घडवला ते कामच गेलं. शिवाय संस्थानं संपल्यावर त्या बैलाची वंशावळ लिहिणारं कोणी उरलं नाही. आज कृष्णा व्हॅलीचा अस्सल वळू बघायचा तर शोधत फिरावं लागतं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळी पंचाईत होती. टेक्सास-लुईझियानाच्या दमट उन्हात इंग्लंडहून आणलेली गुरं धापा टाकत आणि गोचीड-तापाने मरत. १८५४ साली लुईझियानातल्या रिचर्ड बॅरो नावाच्या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारने दोन भारतीय वळू भेट दिले. त्यांची संकरित वासरं उन्हात चरतात, गोचिडांना दाद देत नाहीत आणि अंगानेही भरतात, हे लोकांच्या डोळ्यांत भरलं. १९०६मध्ये टेक्सासच्या पियर्स रँचचा ए. पी. बोर्डन भारतात येऊन ५१ जनावरं घेऊन गेला. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर त्यांना वेगळं ठेवलं, तिथे सर्रा रोग निघाला. १८ जनावरं मारावी लागली, ३३ उतरली. पुढे ब्राझील आणि मेक्सिकोमार्गे आणखी आली. अमेरिकन नोंदींनुसार त्यांच्या नव्या जातीत मुख्यतः चार भारतीय रक्तं आहेत: कांक्रेज, ज्याला ते गुझेरात म्हणतात, ओंगोल, म्हणजे त्यांचा नेलोर, गीर, आणि आपली कृष्णा व्हॅली.

१९२४ साली पैदासकारांनी ह्यूस्टनला संघ काढला आणि वंशावळीची वही उघडली. जे. डब्ल्यू. सार्टवेल या त्यांच्या सचिवाने जातीचं नाव ठेवलं ‘ब्राह्मण’. गोमांसासाठी घडवलेल्या जातीला हे नाव देताना त्याला काय वाटलं कोण जाणे. पुण्यात वाटून घेणारे मात्र नक्की निघतील.

त्या वहीने काय केलं ते बघण्यासारखं आहे. कोणत्या वळूची वासरं दूध तोडताना किती किलोची होती, वर्षाची झाल्यावर किती, कुठल्या गाई दरवर्षी फळल्या, हे लिहिलं जाऊ लागलं. वहीत नाव नसलेल्या वळूला भाव मिळेना. मग त्याच रक्तावर नवे संकर उभे राहिले. किंग रँचवर शॉर्टहॉर्नशी केलेल्या संकरातून आलेल्या सांता गर्ट्रुडिसला १९४० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. अँगसच्या संकरातून ब्रँगस निघाला, ज्यात तीन अष्टमांश रक्त ब्राह्मणचं. ब्राझीलमध्ये उबेराबा हे गाव तर या गुरांची पंढरीच झालं. तिथे १९१९पासून वंशावळ ठेवली जाते आणि दरवर्षी झेबूंचं, म्हणजे वशिंडवाल्या गुरांचं, मोठं प्रदर्शन भरतं. २०२३मध्ये व्हियाटिना-१९ या नेलोर गाईतला हिस्सा ज्या दराने विकला गेला, त्या हिशेबाने तिची पूर्ण किंमत ४० लाख डॉलरच्या पुढे गेली. ओंगोलच्या लेकीला हा मान!

आपल्याकडे त्याच काळात काय झालं? १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ची स्थापना केली आणि होल्स्टिन-जर्सीचा संकर गोठ्यागोठ्यात पोचवला. त्याने दुधाचं चित्र बदललं, लाखो घरांत डेअरीचा पैसा आला. हे मोठं काम आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या चहातलं दूध तपासावं. पण त्या संकरित गाईच्या खोंडाला वशिंड नाही, जू बसत नाही, दुपारच्या उन्हात तो बसकण मारतो. ओढकामाला निरुपयोगी. म्हणजे नराची उरलीसुरली किंमतही गेली.

यावर आताचा उपाय असा की नर जन्मालाच घालायचा नाही. वीर्यातले शुक्राणू वेगळे करून मादीच होईल अशी कांडी भरायची. दहापैकी नऊ वेळा कालवड. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्यासाठी अनुदान मिळतं. चितळ्यांची भिलवडी या तंत्राच्या मराठी नकाशावर ठळक आहे, आणि भिलवडी कृष्णेच्याच काठी आहे. ज्या काठावर सव्वाशे वर्षांपूर्वी नरासाठी एक जात जन्माला घातली गेली, तिथेच आज नर टाळण्याचं शास्त्र चालतं. दूधवाल्याच्या बाजूने हा हिशेब बिनचूक आहे. माझा त्याला विरोध नाही. फक्त हे उत्तर दुधाचं आहे, जातीचं नाही.

खिलार जातीच्या बैलाने वेगळी वाट काढली. बैलगाडा शर्यतींवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रापुरती सैल केली आणि मे २०२३मध्ये कायदाच वैध ठरवला. तेव्हापासून सांगोला, आटपाडी, खरसुंडीच्या बाजारांत खिलार खोंडाचे भाव चढले. उपरण्याखाली बोटं धरून सौदे होतात आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. नराला काम मिळालं, म्हणून जात तगली. पण शर्यत हे पाच-सहा वर्षांचं आयुष्य. त्यानंतर त्या बैलाचं काय, हा प्रश्न त्या बाजारात मोठ्याने विचारला तर लोक विषय बदलतात.

मांसासाठी, विचार करून, वजन मोजून जनावर घडवणारा मराठी माणूस मग आहे कुठे? आहे, फक्त तो गाई-म्हशीपाशी नाही, शेळ्या-मेंढ्यांपाशी आहे. फलटणला.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. साहित्यिक वाचकांना त्यांची ओळख जाई निंबकरांचे यजमान आणि इरावती कर्व्यांचे जावई म्हणून असेल; मेंढपाळांना ती बोअर बोकडामुळे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पैदासकारांनी १९५९मध्ये संघ काढून, निकष ठरवून घडवलेली ही मांसल शेळी. निंबकरांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिचे गोठवलेले भ्रूण ऑस्ट्रेलियातून आणून इथल्या शेळ्यांच्या पोटी वाढवले. उस्मानाबादी शेळी जुळी देते, काटक आहे, पण बोअरच्या मानाने अंगाने लहान. तिच्यावर बोअर सोडला की करडू भराभर वाढतं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी केलेलं मेंढ्यांचं काम. दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने इवलीशी, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागे एक जनुक आहे. तोच ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत सापडतो, आणि तो तिकडे गेला अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून नेलेल्या मेंढ्यांबरोबर. फलटणकरांनी गरोळ आणून दख्खनीशी संकर केला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने रक्त तपासून जनुक कोणात आहे ते पाहिलं, आणि अंग दख्खनीचं पण वेत जुळ्यांचं अशी ‘सुवर्णा’ उभी केली. तिचे मेंढे धनगरांच्या कळपांत सोडले.

यातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे हात आखडता घेणं. जनुकाच्या दोन्ही प्रती एका मेंढीत आल्या तर तिळी होऊ शकतात, कोकरं अशक्त निघतात, दूध पुरत नाही. धनगर वर्षाचे कित्येक महिने वाटेवर असतो. ज्या रात्री वाडा उठवायचा त्या रात्री काखेत किती कोकरं घेऊन चालणार? आणि ती घेते बहुतेकदा बाईच. म्हणून एकच प्रत, बहुतेक जुळी किंवा एकुलतं, आणि विणाऱ्या मेंढीला थोडा वरचा खुराक. प्रयोगशाळेतला आकडा वाटेवर चालणाऱ्या बाईच्या काखेशी ताडून बघितला, म्हणून तो संकर कळपात टिकला. आणि इथे नराला किंमत आहे. मेंढीमागे एक नर कोकरू जास्त म्हणजे थेट हातात रोकड.

याच्या उलटं टोक आटपाडीच्या बाजारात दिसतं. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी, उंच, डागाळ, पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेली. २०२०च्या डिसेंबरात तिथल्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने ती नाकारली. बातमी देशभर गेली. नाकाची कमान जितकी जास्त तितका भाव. मेंढा देखणा असतो यात शंका नाही. पण त्या नाकाचा कोकरांच्या संख्येशी किंवा वजनाशी काही संबंध आहे असं मला आजवर कोणी वजनकाटा दाखवून पटवलेलं नाही. बोअरचंही तेच होत चाललं आहे: पांढरं अंग, तांबडं डोकं, लोंबते कान एवढ्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा संकर ‘प्युअर’ म्हणून खपवला जातो. कर्ज काढून शेळीपालनात उतरलेली पोरं त्यात पहिल्याच वर्षी पोळतात.

कृष्णा व्हॅलीसाठी अजून वेळ गेलेली नाही, पण तिला गोशाळेतल्या हाराची नव्हे, वहीची गरज आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या उरलेल्या मालकांनी एकत्र येऊन वळूंची नोंद, त्यांच्या आयांची नोंद आणि जन्मणाऱ्या प्रत्येक वासराचं वजन लिहायला सुरुवात करावी. ह्यूस्टनच्या संघाचं मुख्य भांडवलही अशी वहीच होती. तिथल्या लोकांनी ती मांसासाठी वापरली. आपण ओढीसाठी, दुधासाठी किंवा संकराच्या बेण्यासाठी वापरू. कशासाठी ते ठरवणं पैदासकारांच्या हातात आहे.

आणि तुम्ही या हंगामात पैदाशीचा बोकड किंवा मेंढा घ्यायला निघाला असाल, तर नाक आणि कान बघून झाल्यावर चार गोष्टी विचारा: हा एकुलता जन्मला की जुळा, आईला आतापर्यंत किती वेतांत किती पिल्लं झाली, तिसऱ्या महिन्याला याचं वजन किती होतं, आणि हे लिहिलेलं कुठे आहे. कागद नसेल तर तो कसायाच्या भावाने घ्या, बेण्याच्या भावाने नको.